धुळीची उंची



हिवाळ्यात गंगेच्या मैदानावर धुरकट आवरण पसरते. अवकाशातून घेतलेल्या छायाचित्रात त्याचा विस्तार दिसतो. उंची मात्र सहसा कळत नाही. आरोग्याच्या दृष्टीने महत्त्व आहे ते उंचीलाच. जमिनीलगतचे सूक्ष्म कण श्वासावाटे फुप्फुसांत शिरतात. उंचावरचे कण वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडतात.

अमेरिका व फ्रान्स यांनी २८ एप्रिल २००६ रोजी सोडलेल्या ‘कॅलिप्सो’ उपग्रहाने ही उंची मोजली. सुमारे ७०५ किलोमीटरवरून त्यावरील लायडार हे उपकरण दर सेकंदाला सुमारे २० लेसर स्पंद खाली सोडत असे. कणांवरून परतलेला अंधूक प्रकाश एक मीटर व्यासाची दुर्बीण टिपत असे. परतीला लागलेल्या वेळावरून कणांची उंची ठरे. गोल थेंबावरून परतताना प्रकाशाचे ध्रुवण बहुतांशी टिकते, ओबडधोबड धूलिकणावरून परतताना बिघडते. त्यावरून कणांचा प्रकारही ओळखता येई.

याच नोंदींतून सहाराच्या धुळीचा हिशेब लागला. २००७ ते २०१३ या काळात दरवर्षी सरासरी सुमारे २.८ कोटी टन धूळ अटलांटिक ओलांडून ॲमेझॉनच्या खोऱ्यात उतरली. तिच्यातील फॉस्फरस तेथील अरण्याचे पोषण करतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये ही मोहीम संपली. परतणारा प्रकाश इतका क्षीण असे, की एका स्पंदावरून विरळ थर ओळखता येत नसे. अनेक स्पंदांची सरासरी घ्यावी लागे. निष्कर्षापूर्वीचा हा संयम, हाच विज्ञानशिक्षणाचा गाभा होय.