रजेचा अर्ज आणि तुरुंगातली शाळा

नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहात मुलाखतीला आलेले नातेवाईक एक प्रश्न हमखास विचारतात: “आमचा माणूस आत शिकतोय, मग रजा लवकर मिळेल ना?”

याचं सरळ उत्तर असं. आपल्याकडे संचित रजा, म्हणजे फर्लो, आणि अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल, या दोन्ही 1959 च्या नियमांनुसार मिळतात. त्यासाठी वर्गात बसण्याची सक्ती नाही. मात्र वर्तणूक पाहिली जाते. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नूची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या पात्र बंद्याला शिक्षेत विशेष माफी मिळू शकते. म्हणजे अभ्यास वाया जात नाही. पण माफी वेगळी, रजा वेगळी.

घरच्यांचं काम कुठलं? पॅरोलसाठी जवळच्या नातेवाइकाच्या गंभीर आजारपणासारखं सबळ कारण लागतं. तेव्हा रुग्णालयाचे कागद जपून ठेवा. जामीनदार आधीच ठरवा. पोलीस पत्त्यावर चौकशीला येतात. शेजाऱ्यांना आणि म्हाताऱ्या आईला तशी कल्पना देऊन ठेवा. लक्षात असू द्या, फर्लोचे दिवस शिक्षेत धरले जातात, पॅरोलचे नाहीत. आणि ठरल्या तारखेला माणूस परत हजर झालाच पाहिजे. उशीर झाला तर पुढची रजा अडते.

अर्ज फेटाळला गेला, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तुरुंगातल्या बंद्याला तिथे मोफत वकील मिळतो.