घरातील वाढीव वीजजोडणी

बंगळूरच्या पूर्वेस के. आर. पुरम हे उपनगर आहे. तेथे रेल्वेमार्गावरून जाणारा, तारांनी तोलून धरलेला पूल २००३ साली वाहतुकीस खुला झाला. असा पूल बांधताना आधी भार ठरतो आणि मग तार ठरते. परंतु ज्या वस्त्यांतून जुन्या घरांवर मजले चढतात, एका खोलीच्या दोन होतात, तेथे एखादा दिवा किंवा सॉकेट वाढविताना हाच साधा क्रम उलटा होतो. दिवा डोळ्यांना दिसतो, म्हणून तो पारखून घेतला जातो; तार भिंतीत गडप व्हायची, म्हणून काटकसर तिच्यावर होते.

वस्तुतः हिशेब सोपा आहे. उपकरणाच्या वॅटना २३० ने भागले की साधारणपणे किती अँपिअर प्रवाह वाहील ते कळते. नऊ वॅटचा एलईडी दिवा अँपिअरचा विसावा हिस्साही घेत नाही. दोन हजार वॅटचा गीझर सुमारे नऊ अँपिअर ओढतो. शिवाय प्रवाह दुप्पट झाला की तारेतील उष्णता चौपट होते. दिव्यासाठी घातलेल्या बारीक तारेवरच गीझर जोडला, की आवरण आतल्या आत भाजू लागते ते यामुळेच. दिवे व पंखे यांना तांब्याची १.५ चौरस मिलिमीटरची तार, १६ अँपिअरच्या सॉकेटला २.५ ची आणि वातानुकूलन यंत्राला बहुधा ४ ची, असा रिवाज आहे. अंतर लांब असेल किंवा एका नळीत अनेक तारा दाटल्या असतील, तर याहून जाड तार घ्यावी. आवरणावर आयएसआयची खूण पाहावी.

तारेइतकेच महत्त्व डब्याचे. जोड नळीत किंवा गिलाव्यात कधीही लपवू नये. तो डब्यातच असावा, आणि डब्याचे झाकण पुढे उघडता यावे. सैल जोड तापतो आणि पुष्कळदा आगीची सुरुवात तेथूनच होते. उथळ डब्यात तारा कोंबल्या तर त्या चेपतात, म्हणून डबा खोल घ्यावा. डबा लोखंडी असेल, तर त्याला भूसंपर्क हवाच.

भूसंपर्काची ही हिरवी तार लहानशा वाढीव कामात हटकून गाळली जाते. दिवा तिच्यावाचूनही लागतो, त्यामुळे उणीव कोणाच्या ध्यानात येत नाही. पण गीझरमध्ये बिघाड होऊन त्याच्या धातूच्या अंगात वीज उतरली, तर ओल्या पायांनी उभ्या असलेल्या माणसाला हीच तार वाचविते. तिच्या जोडीला ३० मिलिअँपिअरची गळती ओळखून वीज तोडणारा खटका असावा.

एमसीबी वारंवार पडतो म्हणून त्याजागी मोठा बसविणे हा तर पहारेकऱ्याचे तोंड बांधण्याचा प्रकार होय. तो तारेचे रक्षण करतो. तो पडतो याचा अर्थ भार अधिक आहे किंवा कोठे तरी दोष आहे.

काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. तरीही भार किती, तार कोणती, जोड कोठे आणि हिरवी तार शेवटपर्यंत पोहोचली का, हे चार प्रश्न गृहस्थाने विचारावेत. आणि ते भिंत लिंपण्यापूर्वी विचारावेत.