बाजारातील हिशेब आणि शाळेतील गणित

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात, एपीएमसी मार्केट येथे दिलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, याबद्दल आम्ही कार्यकारी मंडळाचे ऋणी आहोत. पारितोषिके मिळविणाऱ्या मुलामुलींचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. परंतु आज आम्हांस जे बोलावयाचे आहे, ते मुख्यतः या यादीत ज्यांची नावे नाहीत अशा मुलांविषयी. आणि त्यांतही ज्यांच्याविषयी 'याला गणितात डोके नाही' असा निकाल घरच्या मंडळींनी कधीच देऊन टाकलेला आहे, त्यांच्याविषयी.

आपण ज्या जागी जमलो आहोत, ती जागाच हिशेबाची आहे. कांदा-बटाट्याचा बाजार १९८१ साली मुंबईतून येथे आला. फळांचा व भाजीपाल्याचा १९९६ साली आला. मसाला आणि धान्य यांचे बाजारही येथेच स्थिरावले. आपल्यापैकी कोणी आडते आहेत, कोणी मापाडी, कोणी वारणार, कोणी गाळ्यावर दिवाणजी. यांपैकी कितीएकांनी शाळा लवकर सोडली. तथापि गोणीचे वजन, घट, हमाली आणि दलाली यांचा मेळ ते बोलता बोलता घालतात. फळबाजारात आंब्याच्या हंगामात रुमालाखाली बोटांच्या खुणांनी भाव ठरविण्याची रीत चालत आली. तिच्या गुणदोषांची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. पण एकही अंक न लिहिता तेथे गणित चालते, हे कोणासही मान्य होईल.

मग प्रश्न असा पडतो की, सुट्टीत गाळ्यावर बसून बिनचूक मोड परत देणारा मुलगा शाळेच्या परीक्षेत गणितात मागे का पडतो? तो आळशी असतो काय? की शिक्षक वाईट असतात? या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध विचार आता झालेला आहे. अभिजित बॅनर्जी, ज्यांचा जन्म मुंबईचा व मातुल घराणे मराठी, आणि एस्थर डुफ्लो हे २०१९ सालच्या अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी होत. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांची पाहणी करून तिचे निष्कर्ष २०२५ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केले.

पाहणीची रीत साधी होती. गिऱ्हाईक म्हणून जावयाचे आणि आडवीतिडवी खरेदी करावयाची. २० रुपये किलोचे ८०० ग्रॅम बटाटे, १५ रुपये किलोचे १ किलो ४०० ग्रॅम कांदे. आणि हातावर २०० रुपयांची नोट ठेवावयाची. बहुतेक मुलांनी कागद-पेन्सिलीवाचून १६३ रुपये बरोबर परत दिले. परंतु त्याच मुलांपुढे शाळेच्या पद्धतीने मांडलेला भागाकार ठेवला, तेव्हा त्यांतील बरीच मुले अडली.

आता दुसरी बाजू पाहावी, कारण आपल्या पारितोषिकविजेत्यांस ती लागू पडते. याच संशोधकांनी बाजाराचा अनुभव नसलेल्या ४७१ शाळकरी मुलांचीही परीक्षा घेतली. कागदावरील उदाहरणांत ही मुले सरस ठरली. पण बाजारातला साधा व्यवहार पुढे येताच ती कागदावर लांबलचक बेरजा मांडीत बसली, आणि एकामागून एक दोन-तीन क्रिया जोडण्याची वेळ येताच गोंधळली. म्हणजे एकास हिशेब येतो पण गणित येत नाही, दुसऱ्यास गणित येते पण हिशेब येत नाही! तेव्हा बाजार श्रेष्ठ की शाळा श्रेष्ठ, हा वादच व्यर्थ आहे. दोन्ही ज्ञाने अपुरी आहेत, आणि ती आपोआप एकमेकांस मिळत नाहीत, हाच या पाहणीचा खरा बोध होय.

ही गोष्ट केवळ आपल्याच देशातली आहे असे नाही. ब्राझीलमधील रेसिफे शहरी रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. विक्रीच्या वेळी त्यांची १०० पैकी ९८ उत्तरे बरोबर येत; तीच आकडेमोड कागदावर मांडून दिली, की अवघी ३७. ३५ क्रुझेरोस एक या दराने १० नारळांचे किती, असे विचारता एका मुलाने तीन नारळांचे १०५ धरले, आणखी तिनांचे मिळून २१०, मग ३१५ आणि शेवटी ३५० असे सांगितले. 'दहाने गुणावयाचे तर शून्य द्यावे', हा शाळेचा नियम त्याने वापरला नाही. पण त्याने जे केले त्यात अर्थ होता, आणि तो अर्थ त्याच्या मुठीत होता.

आपल्या अगदी शेजारीही हे काम चालते. वाशीचा खाडीपूल ओलांडला की मानखुर्द लागते; तेथे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र ही १९७४ साली स्थापन झालेली संस्था आहे. तेथील अरिंदम बोस आणि के. सुब्रमणियम यांनी मुंबईच्या एका मोठ्या कष्टकरी वस्तीतील मुलांचे शाळेबाहेरील गणित अभ्यासिले. घरच्या धंद्यात हात घालणारी ही मुले पैसे, मापे आणि पाव-अर्धा-पाऊण यांविषयी पुष्कळ जाणतात. मात्र ज्या मुलाच्या वाट्यास नानाविध कामे येतात त्याचे ज्ञान फुलते, आणि जो दिवसभर एकच क्रिया करीत राहतो त्याचे खुंटते, असा त्यांच्या लेखनाचा आशय आहे.

आमच्या वडीलधाऱ्या मंडळींस येथे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. ते पाढे म्हणजे बाजार आणि पाटी यांमधील पूलच होते. रुपयाचे १६ आणे आणि मणाचे ४० शेर असेपर्यंत त्यांचे काम होते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, मागोमाग किलो आले, आणि तो पूल हळूहळू मोडला. तो जसाच्या तसा पुन्हा बांधावा असे आमचे म्हणणे नाही, कारण त्या काळी घोकंपट्टीही पुष्कळ होती. परंतु मोडलेल्या पुलाच्या जागी आपण नवा काय बांधला, याचा विचार झाला पाहिजे.

नवा पूल कसा बांधावा, याचे एक उदाहरण घेऊ. १५ रुपये किलोने १ किलो ४०० ग्रॅमचे किती? गाळ्यावरचा मुलगा मनात म्हणतो: दीड किलोचे साडेबावीस, त्यातून शंभर ग्रॅमचा दीड रुपया वजा, राहिले एकवीस. आता हेच त्याच्या वहीत लिहून दाखवावे: १५ × (१.५ − ०.१) = २२.५ − १.५ = २१. ज्यास पाठ्यपुस्तक वितरण नियम म्हणते आणि बीजगणितात ज्याच्या नावाने मुलगा दचकतो, तो नियम त्याने कांदे तोलताना शंभरदा वापरलेला असतो! 'तुला हे येतेच. फक्त त्याचे लिहिणे असे असते', एवढे त्यास कोणी सांगितलेले नसते.

हे सांगणारे माणूस घरात असावे, ही आमची विनंती आहे. त्यासाठी पदवीची गरज नाही. मुलाने उत्तर दिले, की ते बरोबर असो वा चूक, 'कसे काढलेस?' असे शांतपणे विचारावे. बरोबर असेल तर त्याने आपली रीत कागदावर उतरवावी. चूक असेल तर पाऊल कोठे वाकडे पडले ते त्याचे त्यासच दिसेल. चुकीबद्दल थप्पड मारणे सोपे असते. पण त्याने मूल रीत लपविण्यास शिकते.

कन्यांविषयी विशेष सांगणे आहे. मुलगा सुट्टीत गाळ्यावर जातो आणि मुलगी घरी राहते, ही आपल्याकडील वहिवाट. वाणसामानाची यादी, भिशीचा हिशेब, विजेचे बिल ही कामे तिच्या हाती द्यावीत. आणि मुलाने ती शिकावीत, तिने गाळाही पाहावा.

मात्र आमच्या बोलण्याचा विपर्यास होऊ नये. शाळा सोडवून मुलांस बाजारात बसवावे, असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. २०१६ च्या दुरुस्तीनंतरचा बालमजुरीविषयक कायदा चौदा वर्षांखालील मुलांस शाळेच्या वेळेबाहेर घरच्या धंद्यात मदत करण्याची मोकळीक देतो, आणि ते योग्यच आहे. आपल्या वाडवडिलांनी पाठीवर गोण्या वाहिल्या, त्या मुलांच्या हाती पुस्तके यावीत म्हणूनच.

शेवटी कार्यकारी मंडळास दोन सूचना. पहिली, टक्केवारीच्या पारितोषिकांबरोबर एक पारितोषिक असे ठेवावे, की ज्यात मुलाने बाजारातील वा घरातील एखादा हिशेब तोंडी करावा, मग तोच कागदावर मांडून सभेस समजावून द्यावा. दुसरी, आपल्यातील निवृत्त दिवाणजी व मापाडी आणि आपल्यातीलच शिक्षक यांनी रविवारी तासभर एकत्र बसून मुलांस शिकवावे. एकाने तोंडी रीत सांगावी, दुसऱ्याने ती फळ्यावर लिहावी. यास खर्च खडूचा तेवढा येईल.

'डोके नाही' हा शब्द पुढील वर्षभर आपल्या घरांतून उच्चारला जाऊ नये, एवढेच आमचे मागणे आहे.