चिपाडातला गोडवा

ऊस गाळून उरलेला बगॅस महाराष्ट्रातले साखर कारखाने बहुतेक बॉयलरमध्येच जाळतात. पण या चोथ्यात झायलोज नावाची शर्करा दडलेली असते. सौम्य आम्लात तापवून ती सुटी करायची आणि 'कँडिडा ट्रॉपिकॅलिस' या यीस्टच्या हवाली करायची. यीस्ट तिचं झायलिटॉल करतं.

गोडी जवळपास साखरेइतकीच, उष्मांक मात्र कमी.

रासायनिक पद्धतीत हायड्रोजन, प्रचंड दाब आणि उष्णता लागते. यीस्टला एवढा थाट नको, पण ते भलतंच संथ. आयआयटी गुवाहाटीत प्रा. व्ही. एस. मोहोळकर यांच्या गटानं आंबवताना अल्ट्रासाउंड लहरी सोडल्या, आणि 48 तासांचं काम 15 तासांवर आलं! अर्थात, हे यश प्रयोगशाळेतलं.

झायलिटॉलचं च्युइंगगम घरात असेल, तर कुत्र्यापासून दूर ठेवा. त्याला ते विषारी ठरतं.