खेळ सर्व मुलांचा



पाठशाळेच्या प्रांगणातील नियोजित बालोद्यानाचा नकाशा मी पाहिला. प्रवेशद्वारी तीन पायऱ्या, आत सर्वत्र वाळू. चाकांची खुर्ची पायरीशीच अडेल. उचलून आत नेली तरी वाळूत रुतेल. माझा नातू सर्वत्र असाच कठड्याबाहेरून इतरांचे खेळ पाहतो.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. केवळ उतार बांधून भागणार नाही. तरी आरंभ तेथूनच व्हावा. एक फूट चढाला बारा फूट लांबी लागते. तीन पायऱ्यांचे दीड फूट धरले, तर किमान अठरा फूट. (व्यापाऱ्याला हिशेब सुटत नाही!) तेवढी जागा देणगीदारांच्या नामफलकांसाठी राखलेल्या भिंतीपाशीच आहे. त्यांतला पहिला फलक माझ्या वडिलांच्या नावाचा आहे. तोच प्रथम हलवावा.