बांधाची उघाडी आणि संगणकाची भिंत

(मंडणगड येथे पंचायत सदस्य, शिक्षक व कार्यालयीन कर्मचारी यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)

मंडणगड तालुक्याच्या उत्तर सीमेवरून सावित्री वाहते आणि बाणकोटपाशी समुद्राला मिळते. खाडीकाठी ज्यांची खारजमीन असते, त्यांना बांधाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालावा लागतो. परंतु पावसाचे गोडे पाणी बाहेर जाण्यास वाट हवी, म्हणून त्याच बांधात उघाडी ठेवावी लागते. ओहोटीला उघाडीची झडप बाहेरच्या अंगाला उघडते व भरतीला पाण्याच्याच दाबाने मिटते. बांध कितीही भक्कम असला तरी झडप नीट बसली नाही, तर भरती आत येते. आणि एकदा जमीन खारावली की ती पुन्हा भाताला येण्यास काळ जावा लागतो. संगणकातील ज्या दोषाचा येथे विचार करावयाचा आहे, तो नेमका उघाडीचा दोष होय.

इंटरनेटवरील पान म्हणजे केवळ वाचावयाचा कागद नव्हे. त्यासोबत बाहेरच्या कोणीतरी लिहिलेल्या आज्ञा येतात आणि त्या वाचकाच्या संगणकावर चालतात. त्या आज्ञांना संगणकातील फायली, सांकेतिक शब्द वा इतर कामकाज यांना हात लावता येऊ नये, यासाठी फायरफॉक्स, क्रोम यांसारखे ब्राउझर प्रत्येक पानाला एका बंदिस्त जागेत ठेवतात. या बंदिस्त जागेस सँडबॉक्स म्हणतात. आतल्या भागाला स्वतः काहीही करण्याची मुभा नसते. फाईल उघडावयाची वा खिडकी दाखवावयाची झाल्यास त्याने बाहेरच्या मुख्य भागाकडे विनंती करावयाची आणि मुख्य भागाने ती तपासून मान्य करावयाची, अशी ही व्यवस्था आहे. विनंतीची ही वाट म्हणजेच उघाडी. तपासणीत ढिलाई राहिली की आतला भाग मुख्य भागाकडून नको ते करवून घेतो व भिंतीबाहेर पडतो.

२०१९ साली असेच घडले. कॉइनबेस ही आभासी चलनाचा व्यवहार करणारी अमेरिकन कंपनी. तिच्या डझनाहून अधिक कर्मचाऱ्यांना ३० मे २०१९ रोजी एक ई-मेल आला. पाठविणारा केंब्रिज विद्यापीठाचा संशोधन अनुदान पाहणारा अधिकारी असल्याचे त्यात म्हटले होते. पत्र विद्यापीठाच्या खऱ्या पत्त्यावरूनच आलेले होते आणि त्यात आक्षेपार्ह असे काहीही नव्हते. पुढे काही दिवस साधा, सभ्य पत्रव्यवहार चालला. १७ जून रोजी आलेल्या पत्रात मात्र एक दुवा होता. तो फायरफॉक्समध्ये उघडताच दोन दोषांचा एकापाठोपाठ उपयोग केला जाई. पहिल्या दोषाने पानावरील आज्ञांना बंदिस्त जागेच्या आत ताबा मिळे. दुसरा दोष उघाडीचा होता. खिडकी उघडण्याविषयीच्या एका निरोपाची मुख्य भाग पुरेशी तपासणी करीत नसे, त्यामुळे आतल्या भागाने निवडलेला मजकूर तो भिंतीबाहेर उघडी. कंपनीच्या सुरक्षा विभागाने हा हल्ला काही तासांतच ओळखून रोखला. फायरफॉक्स तयार करणाऱ्या मोझिला संस्थेने पहिल्या दोषाची दुरुस्ती १८ जूनला (आवृत्ती ६७.०.३) आणि उघाडीची दुरुस्ती २० जूनला (६७.०.४) प्रसिद्ध केली. थंडरबर्ड या ई-मेलच्या प्रणालीतही तेच दोष होते. त्यांची दुरुस्ती त्याच सुमारास ६०.७.२ या आवृत्तीत झाली.

थंडरबर्डबाबत एक खुलासा आवश्यक आहे. त्यात पत्र वाचताना पत्रातील आज्ञा चालतच नाहीत. त्यामुळे नुसते पत्र वाचल्याने हा धोका सहसा संभवत नाही. पत्रातील दुवा ब्राउझरमध्ये उघडला की तो संभवतो. पत्रांना घाबरून टपालच बंद करणे हा उपाय नव्हे.

अशा प्रसंगी ‘अनोळखी पत्रे उघडू नका’ एवढा उपदेश करण्याची पद्धत पडली आहे. तो योग्यच आहे, पण अपुरा आहे. केंब्रिजच्या खऱ्या पत्त्यावरून आलेले पत्र अनोळखी कसे म्हणावे? ऑक्टोबर २०२४ मध्ये फायरफॉक्समध्ये आढळलेल्या दोषात तर पान उघडण्यापलीकडे वापरणाऱ्याला काहीही करावे लागत नव्हते. ईसेट या कंपनीने तो ८ ऑक्टोबरला कळविला आणि दुसऱ्याच दिवशी मोझिलाने दुरुस्ती दिली. परंतु भिंतीबाहेर पडण्यासाठी हल्लेखोर विंडोजमधील आणखी एका दोषाचा वापर करीत होते आणि त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टकडून १२ नोव्हेंबर २०२४ रोजी आली. म्हणजे ब्राउझर अद्ययावत, पण विंडोज जुनी, अशा संगणकात एक भोक शिल्लकच राहिले. पुढे मार्च २०२५ मध्ये क्रोममध्ये उघाडीचाच दोष सापडला. तो वाचून मोझिलाच्या अभियंत्यांनी आपली प्रणाली तपासली, तेव्हा तसाच दोष विंडोजवरील फायरफॉक्समध्येही आढळला व तो १३६.०.४ या आवृत्तीत दूर झाला. शेजारच्या बांधाची खांड पाहून आपला बांध तपासणे हे शहाणपणाचे लक्षण होय. कार्यालयांतून ते अभावानेच आढळते.

हा विषय मोठ्या शहरांचा आहे, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. ग्रामपंचायतीच्या टेबलाकडे पाहिले की ती टिकत नाही. वित्त आयोगाच्या निधीतील देयके ई-ग्रामस्वराज प्रणालीतून, सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांच्या डिजिटल स्वाक्षरीने अदा होतात. ती स्वाक्षरी ज्या छोट्या उपकरणात असते, ते काम संपल्यावरही संगणकाला तसेच जोडलेले ठेवण्याची सवय घातक आहे. भिंतीबाहेर पडलेल्या आज्ञांना कळफलकावर उमटणारा सांकेतिक क्रमांक टिपता येतो आणि उपकरण तर जोडलेलेच असते. शाळांतील शालार्थ वेतन प्रणालीच्या सांकेतिक शब्दांचेही तसेच. कागदी धनादेश-पुस्तक कपाटात कुलूपबंद करणारे हात हे उपकरण मात्र उघड्यावर ठेवतात, ही विसंगती दूर व्हावयास हवी.

जुन्या संगणकांचा प्रश्न अधिक बिकट आहे. विंडोज ७ साठीच्या सुरक्षा दुरुस्त्या मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी थांबविल्या, तर विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ७ वर फायरफॉक्सची ११५ नंतरची कोणतीही मालिका चालत नाही. असा संगणक बालवर्गाला चित्रे दाखविण्यास उपयोगी पडेल. त्यावरून देयके करू नयेत.

मुख्य अडचण मात्र यंत्राची नसून जबाबदारीची आहे. बांधाची डागडुजी कोणी करावयाची, हे ज्या गावात ठरलेले असते तेथे बांध टिकतो. संगणक अद्ययावत ठेवणे हे काम कोणाचे, याची नोंद मासिक सभेच्या इतिवृत्तात झाली, तर निम्मे काम झाल्यासारखे आहे. केंद्र शासनाची सर्ट-इन ही संस्था २००४ पासून अशा दोषांविषयी सूचना प्रसिद्ध करते. त्यांत फायरफॉक्स व थंडरबर्डचाही समावेश असतो. नेमलेल्या व्यक्तीने त्या पाहाव्यात. सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत ती सर्ट-इनला कळविण्याचे बंधन २०२२ च्या निर्देशांनुसार शासकीय संस्थांवरही आहे, आणि पैसे गेल्याचे आढळल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब दूरध्वनी करावा.

फायरफॉक्समध्ये ‘मदत’ या यादीतील शेवटची ओळ उघडली की आवृत्तीचा क्रमांक दिसतो आणि नवी आवृत्ती असल्यास ती आपोआप उतरू लागते. मात्र उतरलेली दुरुस्ती ब्राउझर बंद करून पुन्हा सुरू केल्याखेरीज लागू होत नाही. ज्या कार्यालयात आठवडेच्या आठवडे त्याच खिडक्या उघड्या असतात, तेथे दुरुस्ती येऊनही जुनीच आवृत्ती चालू राहते. यास्तव निदान दर सोमवारी, कामास आरंभ करण्यापूर्वी, ब्राउझर पूर्णपणे बंद करून पुन्हा उघडावा आणि महिन्यातून एकदा विंडोजच्या दुरुस्त्या घेऊन संगणकही नव्याने सुरू करावा.