दाखल्याच्या तपासणीला जाताना

आज आपण अपंगत्वाच्या दाखल्याच्या तपासणीबद्दल बोलणार आहोत. कुणाची सासू, कुणाचं लेकरू, कुणी स्वतः, आपल्या प्रत्येक गटात अशी एक तरी व्यक्ती असतेच.

आमच्या गटातल्या एका मावशींची गोष्ट सांगतो. लहानपणी पोलिओ झाला, एक पाय अधू. आम्ही त्यांना पुण्याला तपासणीला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, चालता येतं ना?" मावशी म्हणाल्या, "येतं की! शेतावरसुद्धा जाते." खोटं नव्हतं ते. पण बांधावर दोनदा बसावं लागतं, जिना चढताना भिंत धरावी लागते, खाली बसलं की उठवायला माणूस लागतं, हे राहूनच गेलं. दाखल्यावर आकडा आला चाळीसच्या आत. आणि बहुतेक योजनांना निदान ४० टक्के लागतात. संजय गांधी निराधार योजना घ्या, नाहीतर एसटीची सवलत घ्या.

आपल्याला रडगाणं गायची सवय नाही. कसं काय विचारलं की "बरं आहे" म्हणतो. पाहुण्यांपुढे ते शोभतं, तपासणीत ते नडतं.

म्हणून आता आम्ही आधी घरीच तयारी करतो. सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत काय जमतं, काय जमत नाही, कशाला आधार लागतो, ते कागदावर लिहितो. पायाच्या तपासणीत सपाट जमिनीवर आणि चढावर चालणं, जिना चढणं, अधू पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं हेही बघतात. त्यातलं प्रत्येक नीट आठवून ठेवा. वाढवून सांगू नका, लपवूही नका. खोटेपणाने लाभ घेणाऱ्याला २०१६ च्या कायद्यात शिक्षा आहे.

आता कागदांचं. यूडीआयडी कार्डाचा अर्ज ऑनलाइन भरायचा. सरकार त्याचे पैसे घेत नाही, तेव्हा "टक्के वाढवून देतो" म्हणणाऱ्या दलालाला दारात उभं करू नका. पिशवीत अर्जाची छापील प्रत, आधार कार्ड, फोटो, जुने केसपेपर, एक्स-रे, ऑपरेशनचे कागद घ्या. कानाची तपासणी असेल तर आधीचे रिपोर्ट घ्या. सगळ्याची झेरॉक्स काढा आणि मूळ कागद हातचे सोडू नका. काठी, कॅलिपर, श्रवणयंत्र जे रोज वापरता ते सोबत न्या.

पुण्यात ससून किंवा औंधचं जिल्हा रुग्णालय, जिथला अर्ज असेल तिथे कोणत्या वारी कोणती तपासणी असते ते आधी विचारा. नाहीतर एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी घालवून हेलपाटा पडतो. सोबत एक बाई न्या, पण बोलायचं ज्याचं त्याने. सोबतीने फक्त राहिलेलं आठवण करून द्यायचं.

दाखला हातात आला की तिथेच वाचा. नाव, जन्मतारीख, टक्के, आणि कायमचा आहे की मुदतीचा. मुदतीचा असेल तर ती तारीख गटाच्या वहीत लिहून ठेवा. निर्णय पटला नाही तर ९० दिवसांच्या आत अपील करता येतं. हा हक्क आहे, उपकार नाही. शिवाय राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे, तिथे तक्रार मांडता येते.

मावशींनी अपील केलंय. अर्ज आम्हीच बसून लिहिला, अंगठा त्यांचा. परवा आम्ही त्यांना पुन्हा विचारलं, "मावशी, चालता येतं ना?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "येतं, पण कसं येतं ते आधी ऐका."

येत्या बैठकीत तुमच्या गटातही विचारा, कुणाची तपासणी राहिलीय? एकटीला पाठवू नका.